धरणाची उंची वाढते तेव्हा: बुडणाऱ्या ओढ्यांची आणि पाणथळ जागांची भरपाई कशी करायची

अमेरिकेत जलाशयाची क्षमता वाढवायची म्हणजे बहुतेक वेळा जुन्याच धरणाची उंची वाढवायची. नवी जागा शोधण्यापेक्षा हे सोपं वाटतं. पण वाढीव पाणी ज्या रेषेपर्यंत चढणार तिच्या खाली ओढे असतात, त्यांच्या काठची झाडी असते, झऱ्यांवर जगणारी ओली कुरणं असतात. ती बुडवण्याआधी त्यांची भरपाई कुठे, किती आणि कशी करणार, हे फेडरल सरकारला लेखी पटवून द्यावं लागतं. ज्या अभियंत्याच्या, जीवशास्त्रज्ञाच्या किंवा प्रकल्प व्यवस्थापकाच्या हातात हे काम पहिल्यांदाच आलं आहे, त्याच्यासाठी हा लेख.

भरपाईचे प्रकल्प रोपांमुळे क्वचितच फसतात. फसतात ते पाण्यामुळे. जागा मिळते, पैसे मिळतात, रोपं लागतात आणि तिसऱ्या वर्षी कळतं की तिथे एक तर तळं झालंय किंवा माळरान. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहा: पाणी कुठून येणार, किती दिवस राहणार आणि ते राहील याची हमी कोण देणार?

आधी कायद्याची चौकट

१९७२च्या क्लीन वॉटर ॲक्टचं कलम ४०४ हा सगळ्याचा पाया. परवाना देतं आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (पुढे नुसतं ‘कोअर’). त्यामागचे पर्यावरणीय निकष पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे. ईपीएकडे नकाराधिकारही आहे आणि तो फक्त कागदावर नाही: कोलोरॅडोतलं टू फोर्क्स धरण १९९० मध्ये त्याच अधिकाराखाली थांबलं. राज्याकडून कलम ४०१चं पाणी-गुणवत्ता प्रमाणपत्र लागतं. धरण मुळात कोअरचंच असेल तर त्यात फेरफार करायला दुसऱ्या एका कायद्यातल्या कलम ४०८ची वेगळी परवानगी, आणि तिथे वीजनिर्मितीचा फेडरल परवाना असेल तर ऊर्जा नियामक आयोगाची दुरुस्ती. छोट्या कामांसाठी असलेले ‘नेशनवाइड’ परवाने इथे सहसा उपयोगाचे नाहीत. त्यातल्या बऱ्याच परवान्यांची मर्यादा अर्ध्या एकराची असते आणि जलाशयाची वाढ ती पहिल्याच वळणावर ओलांडते.

भरपाईचे तपशीलवार नियम २००८ मध्ये आले. क्रम ठरलेला आहे: आधी नुकसान टाळा, मग कमी करा, आणि तरीही जे उरेल त्याची भरपाई करा. नवखे लोक थेट तिसऱ्यावर उडी मारतात, कारण तिथे काहीतरी बांधायला मिळतं. ही चूक महागात पडते. व्यवहार्य पर्यायांपैकी सर्वांत कमी हानीचा पर्याय निवडल्याचं सिद्ध झालं नाही, तर भरपाई कितीही उदार असो, परवाना मिळत नाही. मिळाला तरी न्यायालयात टिकत नाही. व्हर्जिनियातल्या किंग विल्यम जलाशयात ४००हून जास्त एकर पाणथळ जाणार होती. कोअरने २००५ मध्ये परवाना दिला, २००९ मध्ये फेडरल न्यायालयाने तो निर्णय अमान्य केला आणि प्रकल्प बारगळला. कोलोरॅडोत ग्रॉस जलाशयाच्या धरणाची उंची १३१ फुटांनी वाढवण्याचा परवाना २०१७चा. २०२४ मध्ये, बांधकाम सुरू असताना, न्यायालयाने त्यामागच्या पर्यायांच्या तपासणीतच कायद्याचा भंग झाल्याचा निकाल दिला. तेव्हा धरणाची उंची पाच फुटांनी कमी ठेवली तर काय वाचतं, हा तक्ता भरपाईच्या आराखड्याआधी तयार ठेवा.

पहिली पायरी: काय जाणार ते मोजा

नुकसानाची चार ठिकाणं असतात आणि लोकांना त्यातली पहिली दोनच आठवतात.

एक, धरणाचा वाढलेला पाया, खाणी, बांधकामाचे रस्ते. इथे प्रत्यक्ष भराव पडतो. दोन, जुन्या आणि नव्या पाणीपातळीमधला पट्टा. इथे भराव नसतो, फक्त पाणी चढतं. पण परवाना लागणाऱ्या कामामुळे कायमचं बुडणं हेही नुकसानातच धरलं जातं. तीन, वर हलवाव्या लागणाऱ्या गोष्टी: रस्ते, बोटींचे धक्के, सहलीच्या जागा, विजेच्या आणि गॅसच्या वाहिन्या. त्यांची नवी जागा हमखास दुसऱ्या एखाद्या पाणथळीत येते आणि हे जादा नुकसान शेवटच्या महिन्यात लक्षात येतं. चार, धरणाच्या खालचा प्रवाह. पुराचे उंचवटे कापले गेले की काठावरच्या झाडीला मिळणारं पाणी आटतं, गाळ वर अडकल्याने खालचं पात्र खोल जातं, पाण्याचं तापमान बदलतं. हे नुकसान एकरांत मोजणं अवघड, पण पर्यावरण आघात अहवालात ते यावंच लागतं.

नकाशा काढायच्या आधी उंचीचा संदर्भ तपासा. जुन्या धरणांची चित्रं बहुधा १९२९च्या उंची-संदर्भावर असतात, आजची लायडार (विमानातून लेसरने केलेली उंचीची मोजणी) १९८८च्या. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात या दोहोंतला फरक ३ फुटांपेक्षा जास्त असू शकतो. उताराच्या काठावर ३ फूट म्हणजे काहीच नाही. ओढा जलाशयाला मिळतो त्या सपाट मुखाशी तेच ३ फूट अनेक एकर हलवतात, आणि पाणथळ जागा नेमक्या तिथेच असतात.

पाणथळीची हद्द ठरवण्याची पद्धत १९८७च्या कोअरच्या मार्गदर्शिकेत आणि तिच्या प्रादेशिक पुरवण्यांत आहे. तीन पुरावे लागतात: पाण्यात तग धरणाऱ्या वनस्पतींचं प्राबल्य, ओल्या मातीच्या खुणा आणि पाण्याचं अस्तित्व. मातीसाठी किमान २० इंच खोल खड्डा घ्या, ओल्या मातीचा रंग मन्सेलच्या रंगतक्त्याशी उन्हात पडताळा (गॉगल काढून, हास्यास्पद वाटेल, पण रंग चुकतात ते यामुळेच), करड्या मातीत गंजाचे ठिपके शोधा. पाण्याची तांत्रिक कसोटी अशी: वाढीच्या हंगामात सलग १४ किंवा अधिक दिवस पाणी साचलेलं किंवा भूजल पृष्ठभागापासून १२ इंचांच्या आत, आणि असं दहापैकी किमान पाच वर्षं. हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकेक नमुना बिंदू घ्या. ओल्या बाजूचा एकच बिंदू घेऊन रेषा ओढलेली असेल तर कोअरचा अधिकारी ती जागेवरच नाकारतो.

ओढे जीआयएसवरून, म्हणजे संगणकी नकाशांवरून, मोजू नका. राष्ट्रीय नकाशांतल्या निळ्या रेषा वळणं कापतात आणि वरच्या टोकाचे हंगामी ओहोळ वगळतात. पात्राच्या मध्यरेषेवरून चालत लांबी घ्या. ज्याची वळणदारता १.३ आहे अशा ओढ्यात सरळ हजार फूट म्हणजे प्रत्यक्षात १,३०० फूट. रुंदी नेहमीच्या उच्च पाणीखुणेपाशी घ्या. प्रत्येक तुकड्याला बारमाही, हंगामी किंवा फक्त पावसानंतर वाहणारा, असं लेबल लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या सॅकेट निकालानंतर या लेबलांवर बरंच अवलंबून आहे: बऱ्यापैकी कायम वाहणारं पाणी आणि त्याला पृष्ठभागावरून सलग जोडलेली पाणथळ हेच फेडरल कक्षेत येतं. पण कक्षेबाहेरचं म्हणून यादीतून खोडू नका. राज्यांचे कायदे वेगळे आहेत. कोलोरॅडोने २०२४ मध्ये स्वतःचा परवाना-कायदा केला तो याच कारणासाठी.

हद्दीचा अधिकृत निर्णय साधारण पाच वर्षं ग्राह्य असतो. जलाशयाचे परवाने त्याहून जास्त काळ रेंगाळतात. दुसऱ्यांदा मोजणी करावी लागेल हे गृहीत धरून अंदाजपत्रकात ती ओळ आधीच घाला.

नव्या काठाचा भ्रम

जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात कोणीतरी हा मुद्दा काढतो: “जुना काठ बुडाला तर नवा काठ तयार होईलच की, तिथे आपोआप पाणथळ होईल.” होत नाही, आणि का होत नाही हे पहिल्याच बैठकीत समजावून सांगता आलं पाहिजे.

पाणथळ वनस्पतींना पाणी हवं असतं ते ठरावीक खोलीवर, ठरावीक ऋतूत. पुरवठ्याचा जलाशय वसंतात भरतो आणि उन्हाळ्यात, नेमका वाढीच्या हंगामात, उतरत जातो. दुष्काळात तो दोन वर्षं भरतच नाही. मग एखाद्या ओल्या वर्षी तोच पट्टा दहा फुटांखाली जातो. इतकी ओढाताण सहन करणारी झाडं फार थोडी. वर लाटा उताराची माती धुऊन नेतात. राहतो तो उघड्या चिखलाचा आणि दगडांचा पट्टा, त्यावर पश्चिमेत टॅमरिस्कसारखी उपद्रवी झुडपं. डोंगराळ जलाशयात काठ इतका उभा असतो की योग्य खोलीची पट्टीच काही फुटांची निघते.

अपवाद असतात. ओढ्याच्या मुखाशी उथळ खाडी असेल, तिच्या तोंडाशी छोटा बांध घालून आतली पातळी मुख्य जलाशयापासून वेगळी राखता येत असेल, तर तिथे काहीतरी जमतं. तेही दाखवायचं असेल तर दररोजच्या पातळीच्या किमान काही दशकांच्या नोंदी किंवा प्रतिमान घेऊन, ‘१२ इंचांच्या आत पाणी सलग १४ दिवस’ ही कसोटी कोणत्या समोच्च रेषेवर किती वर्षं पूर्ण होते, त्याचा आलेख काढा. आलेखाशिवाय नुसत्या आशेला श्रेय मिळत नाही.

हेच गणित उलट्या दिशेनेही चालवा. नव्या पट्ट्यातलं सगळंच लगेच मरतं असं नाही. वरच्या दोन-तीन फुटांत पाणी क्वचित आणि थोडे दिवस येत असेल तर विलो आणि कॉटनवुड या काठच्या झाडांपैकी प्रौढ झाडं टिकू शकतात. पण हे टिकणं आधी गृहीत धरून भरपाई कमी करू नका. पूर्ण नुकसान धरा आणि नंतर निरीक्षणातून परत मिळवता येतं का ते कोअरशी आधीच लेखी ठरवा. डेन्व्हरजवळच्या चॅटफील्ड जलाशयात २०,६०० एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर पाणी) साठ्यासाठी पातळी १२ फुटांपर्यंत चढवायची होती. तिथेही प्रश्न निव्वळ एकरांचा नव्हता, कोणत्या अधिवासाचं किती कार्य हरवतं हे मोजण्याचा होता.

दुसरी पायरी: नुकसानाचा हिशेब

क्षेत्र आणि कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्य मोजायची मान्य पद्धत त्या भागात उपलब्ध असेल तर तीच वापरावी लागते. नसेल तर नियमांचा तळ आहे: किमान एकास एक, एकर किंवा लांबी.

पाणथळींसाठी गुणोत्तरं राज्यागणिक बदलतात. व्हर्जिनियातली नेहमीची उदाहरणादाखल घेऊ: गवताळ पाणथळीला १, झुडपी पाणथळीला १.५, जंगली पाणथळीला २. समजा १२ एकर गवताळ, ३ एकर झुडपी, ५ एकर जंगली जाणार आहे. १२ + ४.५ + १० = २६.५ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे भरपाई मोजायचं एकक). जंगलाला दुप्पट का? झाड मोठं व्हायला दशकं लागतात आणि मधली तूट कोणीतरी भरायची असते.

ओढ्यांचा हिशेब लोकांना चकवतो. बऱ्याच राज्यांत आता ‘कार्यात्मक फूट’ ही कल्पना वापरतात: ओढ्याच्या स्थितीला ० ते १ गुण, गुणिले लांबी. बुडणारा ४,००० फुटांचा ओढा ०.६० गुणांचा असेल तर नुकसान २,४०० कार्यात्मक फूट. भरपाईसाठी सापडलेला खराब ओढा आज ०.३० वर आहे आणि दुरुस्तीनंतर ०.६५ वर जाईल असं धरलं, तर प्रत्येक फुटामागे फायदा ०.३५ चा. २,४०० भागिले ०.३५, म्हणजे सुमारे ६,८६० फूट ओढा दुरुस्त करायचा. चार हजार गेला म्हणून चार हजार शोधणारा माणूस इथे अडकतो. आणि ०.६५ हा अंदाजही फुगवू नका. वरच्या पाणलोटात शेती किंवा वस्ती असेल तर पात्र कितीही सुंदर घडवा, पाण्याच्या गुणवत्तेचे आणि जीवसृष्टीचे गुण वर जात नाहीत.

पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) साचलेल्या झरापाणथळी, म्हणजे फेन, सापडल्या तर तिथेच थांबा. डोंगराळ भागात पीट हजार वर्षांत काही इंचच वाढतं. नियमांत फेन, झरे आणि ओढे ‘भरून काढायला कठीण’ या गटात येतात आणि त्यांची भरपाई शक्यतो त्याच प्रकारची, नवनिर्मितीऐवजी पुनरुज्जीवन, सुधारणा किंवा संरक्षण यांतून अपेक्षित असते. प्रत्यक्षात फेनची खरी भरपाई म्हणजे तिला वळसा घालणं.

तिसरी पायरी: तीन वाटांपैकी कोणती

२००८च्या नियमांनी पसंतीचा क्रम दिला आहे. पहिली वाट मिटिगेशन बँक: कोणीतरी आधीच पाणथळ किंवा ओढा पुनरुज्जीवित करून क्रेडिट मंजूर करून घेतलेले असतात, तुम्ही ते विकत घेता. दुसरी इन-ल्यू फी: मान्यताप्राप्त सरकारी किंवा ना-नफा संस्थेला पैसे, ती पुढे काम करते, पहिलं आगाऊ क्रेडिट विकल्यानंतर तिसऱ्या पूर्ण वाढीच्या हंगामापर्यंत तिने जमीन घेऊन सुरुवातीचं काम करणं अपेक्षित असतं. तिसरी, परवानाधारकाने स्वतः करायची भरपाई.

पहिल्या दोन वाटांचा मोठा फायदा किमतीचा नसतो, जबाबदारीचा असतो. क्रेडिट विकत घेतलं की यशापयशाची कायदेशीर जबाबदारी विकणाऱ्याकडे जाते. स्वतः केलं तर ती शेवटपर्यंत तुमचीच.

मात्र जलाशयाचं नुकसान एकगठ्ठा असतं, तेवढे क्रेडिट त्या सेवाक्षेत्रात बहुधा नसतातच. सेवाक्षेत्र सहसा आठ-अंकी जलवैज्ञानिक संकेतांकाच्या खोऱ्याएवढं. कोअरच्या ‘रिबिट्स’ या सार्वजनिक प्रणालीत खोरं निवडून उपलब्ध क्रेडिट पाहा, पण तिथला आकडा म्हणजे साठा, राखीव नव्हे. बँकेकडून लेखी आरक्षण घ्या. ओढ्यांचे क्रेडिट पाणथळींपेक्षा दुर्मीळ असतात. त्यामुळे बहुतेक मोठे जलाशय मिश्र मार्ग घेतात: मिळतील तेवढे बँकेतून, उरलेलं स्वतः.

स्वतः करताना एक पर्याय वारंवार दुर्लक्षित राहतो: निकामी झालेले जुने छोटे बंधारे काढणं. कोअरने २०१८ मध्ये अशा कामाला क्रेडिट कसे द्यायचे याचं मार्गदर्शन काढलं आहे. एक धरण वाढवायला दुसरं पाडायचं यात थोडी गंमत आहे खरी, पण माशांची वाट मोकळी होते, साचलेलं पाणी पुन्हा वाहतं, आणि प्रवाह तिथे मुळात असतोच, तो आणावा लागत नाही. बंधाऱ्यामागच्या गाळाची रासायनिक तपासणी मात्र करार करण्याआधी करा. जुन्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या खालच्या गाळात काय निघेल सांगता येत नाही, आणि दूषित गाळाची विल्हेवाट सगळं अंदाजपत्रक गिळते.

चौथी पायरी: जागा

नवनिर्मितीपेक्षा पुनर्स्थापना नेहमी बरी. जिथे कधीकाळी पाणथळ होती आणि चर खणून किंवा जमिनीखाली निचरा नळ घालून ती वाळवली, तिथे पाण्याला वाट आठवते असं समजा. चर बुजवले, नळ तोडले की अर्धं काम झालं. माळावर खड्डा खणून पाणथळ ‘बनवणं’ ही शेवटची निवड. मातीच्या जुन्या नकाशांवर ओली माती आणि आज त्यावर शेत, ही जोडी शोधत जा.

जागा आवडली की मोजमाप सुरू करण्याआधी या गोष्टी तपासा. यातली कुठलीही एक जागा बाद करू शकते:

– पाण्याचा हक्क. पश्चिमेत ‘आधी आला त्याचा हक्क’ हे तत्त्व चालतं. पाणथळ पाणी पिते. बाष्पीभवनाने जाणारं हे पाणी खालच्या हक्कदाराचं असू शकतं. कोलोरॅडोत त्यासाठी, त्या हक्कदाराचं पाणी भरून देण्याची, जलन्यायालयाकडून मंजूर योजना लागू शकते. वकिलाचं मत जमीन खरेदीच्या आधी घ्या.
– जमिनीखालचे खनिज हक्क. वरची जमीन तुमची आणि खालचा वायू किंवा खडी दुसऱ्याची, हे पश्चिमेत सर्रास. ते वेगळे असतील तर कायमचा संरक्षण-करार पोकळ ठरतो.
– जुनी गहाणं, वाहिन्यांचे आणि वाटेचे हक्क. गहाण आधीचं असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेकडून तिने आपला हक्क दुय्यम मानल्याचं लिहून घ्या.
– विमानतळ. पक्षी खेचणारी पाणथळ धावपट्टीजवळ चालत नाही. हवाई प्रशासनाची शिफारस जेट विमानांच्या विमानतळापासून १०,००० फूट अंतराची, फक्त पिस्टन विमानांच्या बाबतीत ५,००० फूट.
– त्याच जलाशयाची पूररेषा. भरपाईची जागा भविष्यातल्या पूर-पातळीच्या आत येत नाही ना, हे पाहायला लोक चक्क विसरतात.

पाचवी पायरी: पाण्याची रचना

आराखड्याआधी किमान एक पूर्ण वाढीचा हंगाम भूजल मोजा. दोन मिळाले तर उत्तम. एक ते दोन इंच व्यासाचा, छिद्रं असलेला पीव्हीसी पाइप, साधारण १५ इंच ते २ फूट खोल, भोवती बारीक वाळू, वरून बेंटोनाइटची (पाण्याने फुगून भोक बंद करणारी) गोळी-माती. ‘जास्त खोल म्हणजे जास्त माहिती’ हा मोह टाळा. चिकणमातीचा थर फोडून गेलेली नळी खालच्या थराचा दाब दाखवते किंवा वरचं अडकलेलं पाणी खाली सोडते. दोन्ही आकडे खोटे. आत दाबमापक ठेवा, दररोज किमान एक नोंद, आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती करायला एक मापक उघड्यावर. त्याच काळातला पाऊस दीर्घकालीन नोंदींच्या ३० ते ७० टक्केवारी-स्थानात, म्हणजे नेहमीच्या पल्ल्यात, होता का हे पडताळा. ओल्या वर्षाच्या नोंदींवर आखलेली पाणथळ पुढची आठ वर्षं कोरडी राहते.

मग महिन्यागणिक जमाखर्च मांडा: पाऊस, ओढ्याचं आणि उतारावरून येणारं पाणी, येणारं भूजल एका बाजूला, बाष्पोत्सर्जन, वाहून जाणारं आणि झिरपणारं दुसऱ्या बाजूला. ओलं, सरासरी आणि कोरडं अशा तीन वर्षांसाठी. कोरड्या वर्षात पाणथळ जगते का, हा खरा प्रश्न. सरासरी वर्ष कुणालाही जमतं.

खोदाईत उंचीची अचूकता दोन-तीन इंचांची हवी. रस्त्याच्या कंत्राटदाराला हे अति वाटतं, म्हणून करारातच लिहा आणि माती पसरण्याआधी व नंतर, दोनदा सर्वेक्षण करा. चार-सहा इंच खोल गेलात की सेज या गवतासारख्या वनस्पतीच्या कुरणाऐवजी कॅटेलचं (पाणकणसाचं) रान उठतं. तेवढंच वर राहिलात की पाणथळ गवतच उगवत नाही. तळ मुद्दाम खडबडीत ठेवा. जड यंत्रांनी दाबलेली जमीन १२ ते १८ इंच खोल नांगरून मोकळी करा, मग ६ ते १२ इंच सुपीक माती. बुडणाऱ्या पाणथळीची वरची माती इथे आणता येते, त्यात बियाणं आणि मुळं असतात. पण तिच्यात रीड कॅनरी गवत किंवा फ्रॅगमायटिस असलं उपद्रवी गवत असेल तर ती कीड स्वतःच्या ट्रकने आणल्यासारखं होईल. ढीग करून महिनोन्महिने ठेवलेली माती निम्मी मेलेली असते. उचलली की पसरा.

ओढ्याच्या रचनेत पात्राचा आकार काठोकाठ प्रवाहावर ठरतो, म्हणजे साधारण एक ते दोन वर्षांनी एकदा येणाऱ्या पुरावर. त्याच भागातला निरोगी संदर्भ-ओढा मोजा आणि प्रादेशिक वक्रांशी (पाणलोटाच्या आकारावरून पात्राचा आकार सांगणाऱ्या आलेखांशी) ताडून पाहा. सर्वांत जास्त दिसणारी चूक पात्र मोठं करण्याची: अभियंत्याला पूर आत मावावा असं वाटतं, ओढ्याला तो काठाबाहेर पसरायला हवा असतो. न पसरलेला पूर तळ खरवडतो आणि दगडी बांधणी खालून पोखरून टाकतो. दगडांचा पाया अपेक्षित खरवडीच्या खाली गेला पाहिजे.

जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यावरच काम करत असाल तर आणखी एक संकट आहे. पातळी उतरली की मुखाशी उतार वाढतो आणि तळाची झीज मागे मागे सरकत वर येते. पातळी चढली की तिथेच गाळाचा त्रिकोण साचून पात्र फुटतं. दुरुस्तीचा तुकडा सर्वोच्च पातळीच्या वर संपवा आणि त्याच्या खालच्या टोकाला तळ धरून ठेवणारी दगडी पायरी द्या.

सहावी पायरी: लागवड

इथे थोडक्यात, कारण पाणी बरोबर असेल तर हे सोपं आहे. सेजची रोपं २४ इंचांवर लावली तर एकरी सुमारे १०,९००, १८ इंचांवर १९,४००च्या आसपास; झाडं ८ फुटांवर एकरी ६८०. स्थानिक जातींची एवढी रोपं रोपवाटिकेत तयार नसतात, वर्ष-दीड वर्ष आधी मागणी नोंदवा. विलोच्या काड्या सुप्तावस्थेत तोडा, दोन ते चार फूट लांब, काही दिवस पाण्यात भिजवून, कोंब वर ठेवून, किमान दोन-तृतीयांश जमिनीत. खालचं टोक कोरड्या हंगामातल्या भूजलाला लागलं पाहिजे. हंस एका आठवड्यात कोवळी रोपं उपटून टाकतात, म्हणून पहिले दोन हंगाम दोरीची जाळी ताणा. बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी) आले तर झाडांना तारेचे पिंजरे घाला. त्यांना हाकलायची घाई मात्र करू नका, पाणी धरून ठेवण्यात ते आपल्यापेक्षा वाकबगार आहेत.

सातवी पायरी: कागद आणि पैसा

भरपाई आराखड्यात बारा घटक लागतात: उद्दिष्टं, जागेची निवड, कायदेशीर संरक्षण, मूळ स्थिती, क्रेडिटची मोजणी, कामाचा आराखडा, देखभाल, यशाचे निकष, निरीक्षण, दीर्घकालीन व्यवस्थापन, बदलत्या परिस्थितीत काय करणार याची योजना आणि आर्थिक हमी. यशाचे निकष लिहिताना ‘निरोगी पाणथळ’ असली भाषा नको. ‘भूजल १२ इंचांच्या आत, वाढीच्या हंगामात सलग इतके दिवस’, ‘उपद्रवी जातींचं आच्छादन इतक्या टक्क्यांहून कमी’ असं लिहा, म्हणजे वाद मोजपट्टीने मिटतो.

आर्थिक हमी म्हणजे बँकेचं पतपत्र, रोखे, विमा किंवा तिसऱ्याकडे ठेवलेली रक्कम. काम फसलं तर पुन्हा करायला पुरेल एवढी. निकष पूर्ण होतील तशी ती टप्प्याटप्प्याने मोकळी होते. ती वेगळी आणि दीर्घकालीन देखभालीचा निधी वेगळा. कुंपण, तण आणि पाहणी यांना वर्षाला २०,००० डॉलर लागणार असतील आणि महागाई वजा जाता निधीवर ४ टक्के सुटणार असतील, तर मुद्दल ५ लाख डॉलर हवं. हा आकडा प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजात घाला, शेवटी मागायला गेलात तर कोणी देत नाही.

आठवी पायरी: निरीक्षण

किमान पाच वर्षं. जंगली पाणथळींना जास्त, दहा वर्षंही सामान्य. दरवर्षी ठरलेल्या खुंटांवरून फोटो, त्याच नळ्यांच्या नोंदी, त्याच चौकटीतल्या वनस्पती, ओढ्याचे तेच आडवे छेद. खुंट लोखंडी आणि उंच लावा. गवत वाढल्यावर लाकडी खुंट सापडत नाहीत आणि मग दुसऱ्या वर्षीचा छेद दुसऱ्याच जागी घेतला जातो.

पहिल्या वर्षी तण जास्त दिसेल. घाबरून सरसकट फवारणी करू नका, तिच्यात लावलेलं सेजही जातं. दुसऱ्या वर्षी भूजलाचा आलेख निकषाच्या खाली असेल तर वाट पाहू नका: पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराची उंची, न सापडलेला निचरा नळ, झिरपणारा बांध, याच क्रमाने तपासा. न सापडलेला नळ शोधायचा तर जागेच्या खालच्या कडेने आडवा, नळाच्या नेहमीच्या खोलीपेक्षा फूटभर खोल चर खणा; तो नळ चराला कुठेतरी छेदतोच. दुरुस्ती करण्याआधी कोअरला लिहून कळवा, कारण मंजूर आराखड्यापेक्षा वेगळं काही करायला त्यांची संमती लागते, मग ते कितीही शहाणपणाचं असो.

सगळे निकष पूर्ण झाल्यावरही फाइल आपोआप बंद होत नाही. अंतिम पाहणीची मागणी स्वतः करा, कोअरचं लेखी पत्र घ्या, उरलेली आर्थिक हमी मोकळी करून घ्या आणि जमीन सांभाळणाऱ्या संस्थेला नळ्यांच्या नोंदी, दारांच्या चाव्या आणि बांधकामानंतरचं सर्वेक्षण, तिन्ही एकदमच सुपूर्द करा.